घोड्यावरच्या माणसाला हाक

आईला क्योतोत ‘अहो’ म्हणायची बंदी झाली तेव्हा मी आठवीत होते. बंदी कुणी घातली असं सांगता येणार नाही. क्योतोत कुणी तुम्हाला तोंडावर काही सांगत नाही. तुमच्या लक्षात येईपर्यंत लोक हसून मान लववत राहतात, आणि लक्षात आलं की मग तुम्हीच स्वतःवर बंदी घालून घेता. आमच्या घरात नेमकं तसंच झालं, आणि त्यातून आई एका अमेरिकन घोडेस्वाराची बायको कशी झाली, तेवढंच मला इथे सांगायचं आहे.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. दोन खोल्या तातामीच्या, म्हणजे गवताच्या जाड चटया अंथरलेल्या, आणि एक स्वयंपाकघर, ज्यात आई फोडणी घालत असली की दुसऱ्याने भिंतीला चिकटून उभं राहायचं. बाबा युनिव्हर्सिटीत सिरॅमिकवर संशोधन करायचे. ‘म्हणजे कपबश्या का?’ असं पुण्याहून आलेल्या प्रत्येक पाहुण्याने विचारलं होतं, बाबांनी प्रत्येकाला इंजिनाच्या आतल्या भागांबद्दल तासभर समजावलं होतं, आणि निघताना पाहुण्याने आईला हळूच कपबश्यांचंच विचारलं होतं. आईने त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात तिथल्या भाज्यांना आपलं वळण लावलं होतं. लाल भोपळ्याचं भरीत व्हायचं, लांबलचक पांढऱ्या मुळ्याची पीठ पेरून भाजी व्हायची, चतुर्थीला रताळ्याचा कीस व्हायचा. भाताशी मात्र तिचं जमलं नाही. तो चिकट भात वरण आत घेतच नाही, ते बाजूने ओघळून ताटभर फिरतं, आणि आई रोज त्या भाताकडे वर्गातल्या हट्टी मुलीकडे बघावं तशी बघायची. हिवाळ्यात संध्याकाळी भाजलेल्या रताळ्यांची गाडी खालून जायची. गाडीवरचा कर्णा ‘याकी-इमोऽऽ’ असा लांब, रडवेला सूर काढायचा. आई म्हणायची, रताळी विकतोय की कुणी गेल्याचं कळवतोय.

आई पुण्यात मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायची. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, भिंतीआड चिंचा खात बसलेल्या मुलींनासुद्धा तिची हाक पोहोचायची. ती नोकरी सोडून ती बाबांच्या मागे क्योतोला आली, पण आवाज मैदानाचाच राहिला. बाबा वेंधळे. रोज सकाळी सायकलवर बसून निघायचे आणि रोज काहीतरी विसरायचे. कधी डबा, कधी चष्मा, कधी प्रयोगशाळेची किल्ली. मग आई ती वस्तू हातात घेऊन गॅलरीत धावायची आणि हाक मारायची, ‘अहो!’ कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानापाशी पोहोचलेले बाबा ब्रेक दाबायचे, वळून बघायचे, हसून हात करायचे आणि परत यायचे. आमचा दिवस त्या हाकेने सुरू व्हायचा.

एका दुपारी खालच्या मजल्यावरच्या निशिमुरा-सान, म्हणजे निशिमुराबाई, आल्या. गल्लीच्या मंडळाच्या त्या प्रमुख होत्या. कचरा कुठल्या दिवशी कुठल्या पिशवीत, हे त्यांच्याकडूनच कळायचं. सलगमच्या पातळ चकत्यांचं लोणचं सुंदर रुमालात बांधून आणलं होतं. दारातच गुडघे टेकून बसल्या आणि हवापाण्याचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, ‘तुमचे यजमान किती शांत स्वभावाचे आहेत. रोज सकाळी तुम्ही एवढं सांगता, तरी हसून हात करतात.’ मी ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं. आई खूश झाली. म्हणाली, ‘सांग त्यांना, पहिल्यापासूनच तसे आहेत. आणि आमच्याकडे सगळ्याच बायका असंच म्हणतात म्हणावं.’ तेही मी इमानदारीने जपानीत सांगितलं. निशिमुरा-सान ‘असं का, असं का’ म्हणत मागच्या मागे निघून गेल्या. लोणचं फार चांगलं होतं.

पुढच्याच आठवड्यात शाळेत दोन मुलं एकमेकांना ढकलत ‘आहो, आहो’ करत होती. मी मैत्रिणीला अर्थ विचारला. तिने सांगितला. मूर्ख, बावळट, अक्कलशून्य, त्या अंगाने जाणारा. घरी आल्यावर जेवताना मी तो अर्थ ताटात वाढला. बाबांना हसून हसून ठसका लागला. आई हसली नाही. तिने हातातला डाव खाली ठेवला आणि म्हणाली, ‘म्हणजे इतके महिने मी भर रस्त्यात, रोज सकाळी, नवऱ्याला...’ पुढचं तिला म्हणवेना. बाबा डोळे पुसत म्हणाले, ‘अगं, मग नावाने हाक मार. काय बिघडतं?’ आई म्हणाली, ‘लग्न झाल्यापासून नाही मारली, ती आता ह्या बायकांसाठी मारू?’

आज मी तोक्योतल्या तोयोसुला राहते. आमच्या टॉवरमध्ये पुण्या-मुंबईची इतकी कुटुंबं आहेत की लिफ्टमध्ये जपून बोलावं लागतं. कुणीच ‘अहो’ म्हणत नाही. सगळ्या जणी नवऱ्याला नावाने हाक मारतात, मीही मारते, आणि त्यात कुणाचं काही अडत नाही. माझ्या मुलीला हा किस्सा सांगितला तर ती जपानीतच विचारते, आजीने सरळ नाव का नाही घेतलं म्हणून. तिला कसं सांगू, तो शब्द म्हणजे नाव नव्हतंच. तो आई आणि बाबांमधला दरवाजा होता, आणि दुसरा दरवाजा त्या घराला नव्हता.

कारण आईने तो शब्द सोडला आणि त्याच्या मागोमाग बाकीचंही सुटत गेलं. आधी गॅलरीतली हाक बंद झाली. डबा राहिला तर ती मला जिन्यातून पळवायची. मग घरातही तिची वाक्यं बिनहाकेची येऊ लागली, ‘जेवण झालंय’, ‘पुण्याहून फोन होता’, कुणाला उद्देशून ते नाहीच. बाबांच्या ह्यातलं काही लक्षात येत नव्हतं. प्रयोगशाळेतल्या भट्टीने त्यांना धरून ठेवलं होतं. भट्टीचं तापमान अमुक वर गेलं की माणसाने समोरून हलायचं नाही म्हणे, आणि ते तापमान नेमकं जेवायच्या वेळेला वर जायचं. अशात बाबांची मुदत दोन वर्षांनी वाढली. ते आनंदाने सांगत आले. आईने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, ‘चांगलं झालं. मी आणि मनू मार्चमध्ये शाळेचं वर्ष संपलं की पुण्याला जातो.’ मनू म्हणजे मी. बाबांनी ‘का’ विचारलं नाही. ‘बरं, बघू’ म्हणाले. तिकिटं मात्र आली आणि फडताळात सांडगी मिरच्यांच्या डब्याशेजारी ठेवली गेली. मला जायचं नव्हतं. शाळा आत्ता कुठे जमायला लागली होती हे एक कारण, पण खरी भीती वेगळी होती. दोन देशांत दोन घरं झाली की ती पुन्हा एक होत नाहीत, असं मला त्या वयातही पक्कं वाटत होतं.

कोपऱ्यावरचं कॉफीचं दुकान सावादा-सान चालवायचे. अशा दुकानाला जपानीत किस्सातेन म्हणतात, आणि त्या दुकानाला ते नाव आपल्या अर्थानेही शोभत होतं. सत्तरीचे, बारीक, नेहमी स्वेटरवर टाय घालणारे. तिथे बोटभर जाडीचा लोणी लावलेला टोस्ट मिळायचा, आणि मी शाळेतून येताना पाव न्यायला थांबायचे. भिंतीवर एका घोडेस्वाराचं मोठं पोस्टर होतं. कोवळ्या चेहऱ्याचा, बुटकासा, हॅट मागे सरकवलेला अमेरिकन. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण आमच्या घरात ते कधी कुणाला नीट उच्चारता आलं नाही. आमच्यासाठी तो कायम ‘घोड्यावरचा माणूस’ राहिला.

जानेवारीत एकदा सावादा-सान पाव कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाले, ‘तुमच्या तिसऱ्या मजल्यावरचा आवाज कुठे गेला?’

मी म्हटलं, ‘कुठला आवाज?’

‘सकाळचा. मी त्या आवाजावर दुकान उघडायचो. फार दिवस ऐकला नाही. आई आजारी आहे का?’

मग मी त्यांना सगळं सांगितलं. ‘अहो’ म्हणजे आमच्यात काय, तुमच्यात काय, निशिमुरा-सान, लोणचं, सगळं. ते आधी मोठ्याने हसले, मग खुर्ची ओढून बसले. म्हणाले, ‘तोक्योत कुणाला आहो म्हटलंस तर भांडण होईल. आमच्या ह्या भागात तसं नाही. इथे मूर्ख ह्या अर्थाचं ‘बाका’ म्हटलं तर लागतं. ‘आहो’ आई लेकराला म्हणते, बायको नवऱ्याला म्हणते. वेंधळा आहेस, पण आमचा आहेस, असं ते असतं.’ थोडं थांबून प्रामाणिकपणे म्हणाले, ‘अर्थात, रस्त्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं कुणी म्हणत नाही.’ घरी येऊन मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘त्यांना काय जातंय सांगायला.’

सावादा-सान आवाज इतका का जपून ऐकायचे ते मला त्याच आठवड्यात कळलं. तरुणपणी ते तोक्योत आवाजाचे नट होते. परदेशी सिनेमे टीव्हीवर लागायचे तेव्हा पडद्यावरचा माणूस ओठ हलवायचा आणि जपानी बोलणं ह्यांचं असायचं. रविवारच्या घोडेपटांत वर्षानुवर्षं त्या पोस्टरवरच्या माणसाचा आवाज म्हणजे सावादा-सान. ‘त्याला अभिनय येत नव्हता,’ ते म्हणायचे, ‘आणि हे मी त्याचं कौतुक म्हणून सांगतोय.’ लढाईत त्या पोरगेल्या माणसाने म्हणे असं काही धाडस केलं होतं की त्याच्या देशाकडे होती नव्हती ती पदकं त्याच्या छातीवर लागली. पेपरात फोटो आला, फोटो सिनेमावाल्यांनी पाहिला, आणि चेहरा देखणा म्हणून त्याला उचलून नेलं. एकदा सैनिकाचं काम देऊन झालं, मग घोड्यावर बसवलं, आणि तिथून तो जवळजवळ उतरलाच नाही. वर्षाला एक-दोन सिनेमे. तेच लाल डोंगर, तीच धूळ, तीच लाकडी पाट्यांची एका रस्त्याची वस्ती. कधी हा शेरीफ, कधी शेरीफ ज्याच्या मागावर आहे तो. पिस्तूल काढताना बाकीचे नट भुवया चढवायचे, दात आवळायचे. हा काहीच करायचा नाही. ‘घाबरलेला माणूस घाबरल्याचं लपवतो ना, तेवढंच तो करायचा. म्हणून त्याला आवाज देणं कठीण होतं. मी थोडा जरी आवाज चढवला की ते खोटं व्हायचं.’

मी विचारलं, ‘आणि तो सैनिकाचा सिनेमा?’

‘त्याला मी आवाज दिला नाही. त्यांनी बोलावलं होतं. माझा थोरला भाऊ त्याच वयाचा होता. तो लढाईवरून परत आला नाही.’ त्यांनी पोस्टरकडे पाहिलं. ‘घोड्यावर बसला की हा मला माझा वाटायचा. बंदूक घेऊन चिखलातून धावणारा हा मला माझा वाटेना. त्याचा काही दोष नाही. माझाही नाही.’

पुढे त्या माणसाचे सिनेमे स्वस्तातले होत गेले. लोकांना इटलीत बनलेले, जास्त रक्ताचे घोडेपट आवडू लागले. ह्याचं वय वाढलं पण चेहरा पोरगेलाच राहिला, त्यामुळे धड तरुण नाही, धड म्हातारा नाही, असा तो अडकला. टीव्हीवरचा रविवारचा कार्यक्रमही बंद पडला. त्या जपानी आवाजांच्या टेप्सवर टीव्हीवाल्यांनी नंतर दुसरंच काही भरून टाकलं. सावादा-सानचं आयुष्यभराचं काम असं पुसलं गेलं, आणि ते क्योतोत येऊन टोस्ट भाजू लागले. आता गल्लीतल्या बंद पडलेल्या प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये मंडळ त्या माणसाचा एक जुना सिनेमा दाखवणार होतं. सिनेमाची रिळं होती, पण आवाज इंग्रजी. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना इंग्रजी कुठलं कळायला? तेव्हा सावादा-सान पडद्याशेजारी बसून जपानी आवाज देणार होते, एकटेच, सगळ्यांचे. फक्त बायकोचा आवाज त्यांना जमणार नव्हता. त्या वेळी ज्या बाईंनी तो दिला होता त्यांचे गुडघे गेले होते आणि त्या तोक्योहून यायला तयार नव्हत्या. गल्लीतल्या तीन-चार जणींना विचारून झालं. ‘सगळ्या जणी तोंडावर हात ठेवून बोलतात,’ सावादा-सान वैतागून म्हणाले. ‘सिनेमातली बायको दुसऱ्या देशातून आलेली असते. तिला त्यांची भाषा धड येत नाही. नवरा मरायला निघालाय आणि तिने त्याला माळरानावरून हाक मारायची आहे. मला तुझ्या आईचा आवाज हवाय.’

मी निरोप सांगितला तेव्हा आई रताळी किसत होती. म्हणाली, ‘मला जपानी येत नाही.’ मी म्हटलं, ‘तिलाही येत नाही.’ आई म्हणाली, ‘मार्चमध्ये जायचंय आपल्याला.’ मी म्हटलं, ‘सिनेमा फेब्रुवारीत आहे.’ तिने कीस पिळला, बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘किती वाक्यं आहेत?’

मग रोज दुपारी गिऱ्हाईक नसताना आई दुकानात जाऊ लागली. सावादा-सानकडे सिनेमाची व्हिडिओ टेप होती, ती लहान टीव्हीवर लावून तालीम चालायची. वाक्यं मी देवनागरीत लिहून दिली होती. आई ती पाढे पाठ करावेत तशी जिन्यात, बेसिनपाशी, कपडे वाळत घालताना म्हणायची. ‘आनाता’ हा शब्द पहिल्यांदा आला तेव्हा तिने अर्थ विचारला. मी सांगितलं, शब्दशः ‘तुम्ही’, पण इथल्या बायका नवऱ्याला हाक मारताना तेच म्हणतात. ‘म्हणजे अहोच की,’ आई म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली. मला तेव्हा इतकं बरं वाटलं की मी उगाचच बशा विसळायला लागले.

एका दुपारी टेप चालू असताना आई एकदम म्हणाली, ‘हा खरंच लढाईवर होता, नाही?’ मी म्हटलं, ‘सांगितलं ना तुला.’ ती म्हणाली, ‘सांगितलंस गं, पण मला आत्ता दिसलं. बघ ना, दारूच्या गुत्त्यात सगळे कसेही बसलेत, हा दाराकडे तोंड करून बसलाय. आधीच्या घरातही तसाच बसला होता. माझा दादा फौजेतून सुट्टीवर यायचा तेव्हा हॉटेलात नेमका तसा बसायचा. आम्ही हसायचो त्याला.’ मी ते सावादा-सानना सांगितलं. त्यांनी टेप मागे घेतली, पुन्हा पाहिली, आणखी एक सिनेमा काढून पाहिला. त्यातही तो दाराकडे तोंड करूनच बसला होता. सावादा-साननी टेप थांबवली. मग जपानीत आईला, माझी आई म्हणून ‘ओकासान’ अशी हाक मारून म्हणाले, ‘इतकी वर्षं मी त्याच्या ओठांकडेच बघत होतो.’ आईला ते मी सांगायच्या आधीच कळलं असावं. तिने त्यांच्यासमोरची कॉफी बाजूला सारली आणि डब्यातून आणलेली नारळाची वडी ठेवली.

घरात त्या दिवसांत बदल झाला तो इतकाच की आई गुणगुणत स्वयंपाक करायची. बाबांना तिने एकदाच सांगितलं, ‘रविवारी दुपारी हॉलमध्ये कार्यक्रम आहे. मी आहे त्यात.’ बाबा म्हणाले, ‘भट्टीचं बघून येतो.’ आई म्हणाली, ‘भट्टीला विचारा आणि या.’

त्या रविवारी बाहेर बर्फ भुरभुरत होता. हॉलमध्ये रॉकेलच्या तीन शेगड्या पेटवल्या होत्या, त्यांचा वास आणि ओल्या कोटांचा वास. घडीच्या खुर्च्यांवर गल्लीतली सगळी म्हातारी मंडळी, मांडीवर गोधड्या घेऊन. निशिमुरा-सान पहिल्या रांगेत. पडद्याच्या डाव्या अंगाला टेबल, त्यावर दोन माइक आणि झाकलेला दिवा. तिथे सावादा-सान टाय लावून, शेजारी आई निळ्या काठपदराच्या साडीवर स्वेटर घालून, आणि तिच्या मागे पाटावर मी, वाक्याची वेळ आली की पाठीला बोट लावायला. बाबांची खुर्ची रिकामी होती. सिनेमा सुरू झाला तरी रिकामीच होती.

सावादा-साननी तोंड उघडलं आणि हॉलमध्ये एक उसासा फिरला. तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता, रविवारी रात्रीच्या जेवणाचा. मुलं लहान होती, नवरे जिवंत होते, तेव्हाचा. आईची सुरुवातीची वाक्यं नीट गेली. ‘पाणी आणते.’ ‘हे कोण आहेत?’ तिचं जपानी अडखळतं होतं, आणि पडद्यावरच्या त्या परदेशी बाईला ते अगदी बेतून शिवल्यासारखं बसलं. सिनेमा अर्ध्यावर आला असेल, तेव्हा मागचं दार किलकिलं झालं आणि बाबा आले, बर्फाने भिजलेले, कडेच्या खुर्चीवर टेकले. आईला ते दिसले नाहीत. तिचे डोळे पडद्यावर होते.

मग तो प्रसंग आला. घोड्यावरच्या माणसाने शेती धरलेली असते, पिस्तूल पुरून टाकलेलं असतं, आणि एका सकाळी त्याला ते पुन्हा उकरावं लागतं. तो बायकोला न सांगता निघतो. ती दार उघडून बाहेर येते आणि तो लांब गेलेला असतो, पाठमोरा. मी आईच्या पाठीला बोट लावलं. पडद्यावरच्या बाईने तोंड उघडलं. आईच्या तोंडून काही आलं नाही. मी पुन्हा बोट लावलं. ‘आनाता’ हा एवढासा शब्द, हजारदा घोकलेला, तिला सापडेना. तिने कागदाकडेही पाहिलं नाही. ती त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघत होती, आणि तो जात होता.

‘अहो!’

माइकची काही गरजच नव्हती. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, भिंतीआड ऐकू जाईल अशी ती हाक हॉलभर घुमली. पडद्यावर घोड्यावरच्या माणसाने लगाम खेचला आणि वळून पाहिलं. तो तिथे वळणारच होता, सिनेमा बनला तेव्हापासून तो तिथेच वळत आलेला आहे. पण त्याच क्षणी मागच्या रांगेत खुर्ची करकरली आणि बाबा ताडकन उभे राहून मराठीत म्हणाले, ‘काय गं? काय राहिलं?’

हॉल गार पडला. एका बाईने मरायला निघालेल्या नवऱ्याला बावळट म्हणून हाक मारली होती आणि मागे एक परदेशी गृहस्थ उभे राहिले होते. निशिमुरा-साननी वळून बाबांना पाहिलं, मग आईला पाहिलं, आणि त्यांना सगळं एकदम समजलं असावं, कारण त्या तोंडावर हात न ठेवता हसल्या. त्यांच्या पाठोपाठ अख्खा हॉल हसला. मला वाटलं आता आई उठून जाईल. पण पडद्यावरचा माणूस बोलायला लागला होता, त्याचे ओठ हलत होते, आणि सावादा-सान कसलेले होते. त्यांनी समोरचा कागद उलटा केला आणि त्या हॉलिवूडच्या शूराच्या तोंडी क्योतोची घरगुती बोली घातली, हळू आवाजात, जराही न चढवता. ‘बावळट तर बावळट. पण परत येतो.’

हसणं थांबलं. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी गोधडीचं टोक डोळ्यांना लावलं. बाबा अजून उभेच होते. मागच्या माणसाने कोट ओढल्यावर बसले. आईची पुढची वाक्यं न चुकता गेली, आणि शेवटी घोड्यावरचा माणूस खरोखर परत आला तेव्हा टाळ्या इतक्या वाजल्या की सावादा-सानचं शेवटचं वाक्य कुणाला ऐकूच आलं नाही. कार्यक्रमानंतर निशिमुरा-सान आईपाशी आल्या, दोन्ही हातांनी तिचा हात धरला आणि एक वाक्य बोलल्या. मी भाषांतर करणार तेवढ्यात आई म्हणाली, ‘राहू दे, कळलं.’

घरी येताना आम्ही कामो नदीच्या काठाने चाललो. बर्फ थांबला होता. बाबांनी सायकल हातात धरली होती, आई दोन पावलं पुढे.

‘मी त्याला हाक मारली होती,’ ती मागे न बघता म्हणाली.

‘माहितीये.’

‘मग तुम्ही कशाला उभे राहिलात?’

‘सवयीने. वाटलं, काहीतरी विसरलो.’

आई थांबली. ‘विसरलाच होतात,’ ती म्हणाली, आणि तिचा तो मैदानाचा आवाज त्या दोन शब्दांनाही पुरला नाही. मी आईला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. पी.टी.च्या बाई रडत नाहीत असा माझा समज होता. बाबांनी सायकल तिथेच, रस्त्याच्या मधोमध स्टँडला लावली. मागून येणारी माणसं मान लववत बाजूने जात राहिली. बाबा म्हणाले, ‘मार्चमध्ये तू गेलीस तर मला कोण सांगणार, काय राहिलंय ते?’

आई नाक पुसत म्हणाली, ‘डबा, चष्मा, किल्ली. मनू चिठ्ठी लिहून दारावर लावेल.’

‘तेवढंच नाही ना राहत,’ बाबा म्हणाले.

त्या दोघांमध्ये मी उभी होते. आईने नदीकडे पाहिलं, मग सायकलकडे, मग माझ्याकडे, आणि शाळेत तास संपल्याचं सांगायची त्या सुरात म्हणाली, ‘तिकिटं रद्द करा. पुण्याला कळवा, मनूची शाळा अर्धवट सोडता येत नाही. आणि संध्याकाळी सातला घरी.’ पुण्याला तसंच कळवलं गेलं. माझ्या शाळेचं एवढं महत्त्व त्याआधी आणि त्यानंतर घरात कधीच नव्हतं.

बाबा सातला कधीच आले नाहीत. साडेसातला मात्र यायचे. सायकलला कुलूप लावल्याचा आवाज यायचा, मग जिन्यात बूट, आणि दार उघडायच्या आत, मजल्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारायचे, ‘अगं, काही राहिलं का?’ आणि आई फोडणीवर झाकण टाकत आतून म्हणायची, ‘तुम्हीच राहिला होतात. या.’